एकशे सत्तावीस दात

उद्यमनगरात सूत कापसाचं नसतं.
सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा,
अर्ध्या सुताचा दोरा,
आणि थाऊ म्हणजे
डोळ्याला दिसत नाही पण नखाला अडतं ते.

दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये शिकाऊ लागलो
तेव्हा मी आयटीआयमधून मिलिमीटर घेऊन आलो होतो,
स्टीलपट्टीच्या खालच्या कडेला.
वरची कडा त्यांची.
पट्टी एकच होती.

घरीही तसंच.
गुजरीतला सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणायला लागला
आणि आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या
पेटीत बसल्या बसल्या साडेचारच्या वर गेल्या.
ती खूश. वडील नाही.
त्यांचे तेरा गुंठे सातबाऱ्यावर तेरा आर झाले होते,
वरचे पंधरा चौरस मीटर कुठल्या बांधात मुरले
हे तलाठ्याला विचारायला ते
दोनदा कागलला जाऊन आले, एसटीनं.

लेथ विलायती. लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा.
ड्रॉइंग पुण्याहून आलेलं:
पीच दोन मिलिमीटर, नग साठ, शनिवारपर्यंत.
मी वहीत भागाकार मांडला.
इंचाला बारा पूर्णांक सात आटे.
सात दशांश आटा कसा पाडतात, मिस्त्री?

बशीतला चहा संपवून ते म्हणाले,
"वही मीट. त्यो फडक्यातला गिअर काढ."

जेवायच्या ताटाएवढा.
ग्रीसमध्ये काळाभोर, फक्त एक दात पिवळा:
कधीतरी तुटलेला, पितळ चढवून
कानशीनं घासून परत उभा केलेला.

"पंचवीस पूर्णांक चारला पाचानं गुण."
गुणलं. एकशे सत्तावीस.
दशांशाचा ठिपका माशीसारखा उडून गेला.
"पाच इंचात एकशे सत्तावीस मिलिमीटर.
बाकी न्हाई, हातचा न्हाई. तेवढेच दात हाईत ह्येला."

याहून लहान नाही चालणार?
"भागून बग की."
जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून
तीननं, सातनं, अकरानं, तेरानं भागत बसलो.
मिस्त्री हसत होते, सुपारी कातरत.
"कुणाच्याच वाट्याला जात न्हाई त्यो.
म्हणून दोगांच्या मदी बसवतोय."

वर चाळीसचा, खाली एकशे सत्तावीसचा.
आणि एक ताकीद:
हाफ नट उघडायचा नाही.
इंचाचे आटे पाडताना उघडलास तर वाट सापडते,
मिलिमीटरला सापडत नाही.
कट संपला की टूल मागं ओढ,
मशीन उलटं फिरव
आणि गेलास तेवढं सगळं चालत परत ये.
साठ नग. प्रत्येकाला अकरा कट.
शुक्रवारी रात्री झोपेतही मी उलटा फिरत होतो.

मिस्त्री गेल्यावर लेथ किलोवर विकला गेला.
वजनकाट्यावर चढायच्या आधी
गिअर मी काढून घेतला, कुणाला न विचारता.

आता शिरोलीत माझी दोन सीएनसी आहेत.
जी वीस लिहिलं की इंच,
जी एकवीस लिहिलं की मिलिमीटर.
मधे ना ग्रीस ना सुपारी.
परवा सुकुमारनं वीसचं एकवीस करायचं राहून दिलं.
पाच मिलिमीटर सरकायचं ते टूल
पाच इंच निघालं,
चकवर आदळलेला आवाज शेजारच्या फाउंड्रीत ऐकू गेला.

पोरगं पांढरं पडलं होतं.
ओरडायला तोंड उघडलं होतं मी,
मग कपाटातलं फडकं काढलं.
हे दात मोज म्हटलं, बस इथं.

तो बोट लावून लावून मोजत राहिला,
दोन वेळा चुकला, खडूनं खूण केली.
"एकशे सव्वीस," म्हणाला.

पिवळा दात त्यानं
धरलाच नव्हता.